तरुण सॉफ्टबॉल पिचरची कंबरदुखी : कारणे, प्रतिबंध आणि उपचार

सॉफ्टबॉलचा पिचर चेंडू खांद्यावरून नव्हे, तर हात खाली आणून मांडीजवळून फेकतो. ही हालचाल शरीराला मानवणारी आहे, तिने कोणतीही इजा होत नाही, अशी समजूत या खेळात फार पूर्वीपासून रूढ आहे. या समजुतीचा परिणाम नियमांवरही झाला. बेसबॉलमध्ये लिटल लीग या संघटनेने २००७ पासून किशोर पिचरने एका दिवसात किती चेंडू टाकावेत याची वयानुसार मर्यादा घातली. सॉफ्टबॉलमध्ये मात्र चेंडूंच्या संख्येची अशी मर्यादा सर्वत्र रूढ झाली नाही. संघात एक चांगली पिचर असली, की स्पर्धेचा प्रत्येक सामना तिनेच टाकायचा, ही रीत शालेय पातळीपासून वरपर्यंत दिसते.

या रीतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील आहे. जपानच्या युकिको उएनो हिने २० ऑगस्ट रोजी एकाच दिवशी दोन सामन्यांत मिळून ३१८ चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेविरुद्धचा अंतिम सामनाही तिनेच टाकला. दोन दिवसांत एकूण ४१३ चेंडू झाले आणि जपानने सुवर्णपदक जिंकले. तो पराक्रम थोर होता. परंतु उएनो त्या वेळी २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, व्यावसायिक पातळीवर घडलेली खेळाडू होती. तेराचौदा वर्षांच्या मुलीकडून तशाच सातत्याची अपेक्षा करणे ही वेगळी गोष्ट आहे. तिच्या मणक्यांची वाढ अजून चालू असते आणि वारंवार पडणारा भार त्या वाढत्या हाडावर खूण उमटवतो.

महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि दक्षिणेकडील अनेक राज्यांत सॉफ्टबॉल शाळा-महाविद्यालयांतून खेळला जातो. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट नेमके वाढीच्या वयात येतात. त्यामुळे पिचरच्या कंबरदुखीचा विषय परदेशी खेळाडूंपुरता मर्यादित नाही. हे दुखणे कशातून उद्भवते, ते केव्हा गंभीर समजावे आणि टाळावे कसे, याची माहिती पालक व क्रीडाशिक्षकांना असणे अगत्याचे आहे.

फिरतो हात, सोसते कंबर

वेगवान सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकण्याची सर्वमान्य पद्धत ‘विंडमिल’ या नावाने ओळखली जाते. पवनचक्कीच्या पात्याप्रमाणे हात खांद्याभोवती एक पूर्ण चक्कर घेतो, म्हणून हे नाव. महिलांच्या सामन्यात पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर असते. उच्च पातळीवरील खेळाडू या अंतरावरून ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने चेंडू टाकतात. बेसबॉलमध्ये पिचरला उंचवटा मिळतो. सॉफ्टबॉलच्या पिचरला सपाट जमिनीवरूनच सर्व वेग निर्माण करावा लागतो.

हा वेग एकट्या हातातून येत नाही. उजव्या हाताची पिचर उजव्या पायाने जमिनीला रेटा देते आणि डाव्या पायाने पुढे लांब झेप घेते. त्याच वेळी तिचे धड तिसऱ्या बेसकडे उघडते. हात डोक्यावर पोहोचतो तेव्हा कंबर किंचित मागे वाकलेली आणि एका बाजूला कललेली असते. नंतर डावा पाय जमिनीवर आदळून शरीराचा पुढे जाणारा वेग एकदम रोखतो. या रोधाची प्रतिक्रिया शरीराच्या वजनाहून अधिक असते. ती पायातून, नितंबातून कमरेत चढते. धड पुन्हा फलंदाजाकडे वळते आणि अखेरीस चेंडू मांडीजवळून सुटतो.

मागे वाकणे, बाजूला कलणे, पिळवटणे आणि वरून दाब येणे, या चारही गोष्टी कमरेच्या मणक्यांवर क्षणभरात एकत्र येतात. त्यांपैकी कोणतीही एक सुटी घेतली तर शरीर ती सहज पेलते. चारही एकत्र, एकाच दिशेने आणि दिवसाला शंभर वेळा घडल्या, तर गोष्ट बदलते. पिचर नेहमी एकाच हाताने चेंडू टाकते. त्यामुळे कमरेच्या दोन बाजूंवरील भार कधीच समान राहत नाही. सॉफ्टबॉलमधील दुखापतींची चर्चा बहुधा खांद्यापाशी थांबते. परंतु खांद्यापर्यंत शक्ती पोहोचवणारा मधला दुवा कंबर आहे. पाय आणि नितंब दमले, की वेग टिकवण्यासाठी शरीर कंबर अधिक वाकवते. म्हणूनच पुष्कळ खेळाडूंची कंबर सामन्याच्या अखेरच्या डावांत किंवा स्पर्धेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलू लागते.

वाढत्या हाडाचा नाजूक भाग

कमरेत पाच मणके असतात. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची एक कमान असते आणि त्या कमानीत, वरच्या व खालच्या सांध्यांच्या मधोमध, हाडाचा अरुंद पूल असतो. वैद्यकात त्याला ‘पार्स इंटरआर्टिक्युलॅरिस’ म्हणतात. कंबर मागे वाकवून पिळली, की वरचा मणका नेमका या पुलावर टेकतो. तारेचा तुकडा एकदा वाकवल्याने मोडत नाही, पण त्याच जागी वारंवार वाकवला तर त्याला चीर पडते. तसेच या हाडाचे होते. आधी हाडात सूज येते, मग सूक्ष्म तडा आणि दुर्लक्ष झाले तर आरपार भंग. या ताणजन्य भंगाला ‘स्पॉन्डिलोलायसिस’ असे नाव आहे. बहुसंख्य रुग्णांत तो सर्वांत खालच्या, म्हणजे पाचव्या मणक्यात आढळतो. दोन्ही बाजूंचे पूल तुटले तर मणका पुढे सरकू शकतो. त्या अवस्थेला ‘स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ म्हणतात.

किशोरवयात हा धोका अधिक असण्याची कारणे शरीराच्या वाढीत आहेत. मुलींची उंची साधारणतः ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी सर्वाधिक वेगाने वाढते. या काळात हाडे आधी लांब होतात. त्यांत खनिजे भरून ती कणखर होण्यास पुढे काही काळ जावा लागतो. मणक्याच्या मागील कमानीला पूर्ण बळकटी येण्यास तर विशी उलटावी लागते. शिवाय हाडांच्या वाढीबरोबर स्नायू लगेच लांबत नाहीत. मांडीच्या मागचे आणि जांघेतील स्नायू ताठर राहतात, नितंबाची हालचाल मर्यादित होते आणि तिची उणीव कंबर भरून काढते.

मुलांची कंबरदुखी ही मोठ्यांच्या कंबरदुखीची लहान आवृत्ती नव्हे, हे बोस्टन येथील क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. कंबरदुखीची तक्रार घेऊन आलेल्या १०० किशोरवयीन आणि १०० प्रौढ रुग्णांची त्यात तुलना होती. किशोरांपैकी ४७ टक्क्यांत दुखण्याचे मूळ पार्सच्या भंगात आढळले. प्रौढांत हे प्रमाण केवळ ५ टक्के होते. हे रुग्ण क्रीडावैद्यक चिकित्सालयात आलेले असल्याने सर्वसाधारण मुलांना तोच आकडा लावता येणार नाही. परंतु खेळणाऱ्या मुलाची कंबर दीर्घकाळ दुखत असेल, तर हाडाकडे लक्ष द्यावे, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

क्रिकेटच्या वाचकांना हा आजार वेगळ्या संदर्भात परिचित आहे. वेगवान गोलंदाजांच्या कमरेतील ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणजे बव्हंशी याच हाडाची दुखापत. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्ग येथे पहिली कसोटी खेळला. त्यानंतर प्रामुख्याने कमरेच्या वारंवार झालेल्या दुखापतींमुळे त्याची दुसरी कसोटी थेट मार्च २०१७ मध्ये रांची येथे झाली. क्रिकेटमध्ये या अनुभवांतून कोवळ्या गोलंदाजांच्या षटकांवर मर्यादा आल्या. सॉफ्टबॉलच्या पिचरबाबत तेवढी सावधगिरी अद्याप अंगवळणी पडलेली नाही.

उसण की हाडाची दुखापत?

मुलाची कंबर दुखू लागली, की ‘उसण भरली असेल’ असे म्हणून घरात तेल चोळले जाते किंवा मलम लावले जाते. अनेकदा ते खरेही असते. स्नायूंच्या ताणाने होणारी दुखी कमरेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते, अचानक जादा सराव झाल्यावर सुरू होते, चालण्या-फिरण्याने मोकळी होते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते.

हाडाच्या दुखापतीची लक्षणे निराळी असतात. दुखणे हळूहळू सुरू होते आणि बहुधा कमरेच्या एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असते. पुढे वाकताना विशेष त्रास होत नाही. मागे वाकताना किंवा चेंडू टाकताना हात डोक्यावर असतानाच्या क्षणी कळ येते. विश्रांतीने बरे वाटते, सराव सुरू होताच दुखणे परतते. मांडीच्या मागचे स्नायू आखडतात आणि चालताना पावले आखूड पडतात. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञाची भेट पुढे ढकलू नये.

काही लक्षणे मात्र दोन आठवडे थांबण्याची नव्हेत. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, कारणाविना घटणारे वजन, पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, तसेच पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. अशा वेळी दुखण्यामागे जंतुसंसर्ग, गाठ, सरकलेली चकती किंवा मज्जातंतूंवरील दाब असू शकतो.

तपासणीतील बारकावे

डॉक्टर प्रथम खेळाडूचे उभे राहणे, चालणे, पुढे-मागे वाकणे आणि नितंब व मांडीच्या स्नायूंची लवचीकता पाहतात. एका पायावर उभे राहून मागे वाकण्याची चाचणी अनेक ठिकाणी घेतली जाते. मात्र केवळ तिच्यावरून निदान करता येत नाही.

एक्स-रे हा सर्वत्र उपलब्ध असलेला मार्ग होय. परंतु आरंभीच्या अवस्थेत तो स्वच्छ दिसू शकतो, कारण हाडात सूज असली तरी भंगाची रेघ उमटलेली नसते. ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ याचा अर्थ ‘दुखापत नाही’ असा घेऊन मुलगी पुन्हा सरावाला उतरते आणि बरा होऊ शकणारा तडा पुढे सरकतो. संशय कायम असल्यास एमआरआय तपासणी उपयोगी पडते. तिच्यात हाडाची सूज दिसते आणि किरणोत्सर्ग नसतो. सीटी स्कॅनमध्ये भंगाची रेघ अधिक स्पष्ट दिसते; परंतु वाढत्या वयात किरणोत्सर्गाचा विचार करून ही तपासणी गरजेपुरतीच केली जाते. डॉक्टरांना ‘कंबर दुखते’ एवढेच न सांगता खेळ कोणता, पिचिंग किती, कोणत्या क्षणी दुखते आणि गेल्या काही आठवड्यांत सराव किती वाढला, हे सांगितल्यास निदान सुलभ होते.

उपचार : विश्रांतीचा नेमका अर्थ

साध्या स्नायुताणात अंथरुणाला खिळून राहण्याची आवश्यकता नसते. पिचिंग व फलंदाजी काही दिवस बंद ठेवावी, चालणे आणि हलक्या हालचाली चालू ठेवाव्यात. शेकाने किंवा बर्फाने जो आराम मिळेल तो घ्यावा. वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळण्याचा प्रकार मात्र सर्वथा टाळावा. गोळी वेदना झाकते, दुखापत नव्हे. कंबर ‘मोडून’ घेणे, पाठीवर कुणाला पाय द्यायला लावणे किंवा जोराने चोळणे हे उपाय हाडाला तडा असल्यास अपायकारक ठरू शकतात.

पार्सच्या भंगाचे निदान झाल्यास खेळ पूर्णपणे थांबवणे हा उपचाराचा पाया आहे. ही विश्रांती साधारणतः तीन महिन्यांची असते. पूर्ववत स्पर्धात्मक खेळापर्यंत पोहोचण्यास अनेकांना तीन ते सहा महिने लागतात. काही डॉक्टर कमरेचा पट्टा देतात, काही देत नाहीत. याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. खेळ थांबवण्याच्या निकडीविषयी मात्र दुमत नाही. दुखापत एका बाजूची आणि लवकर ओळखलेली असेल, तर हाड सांधण्याची शक्यता चांगली असते. जुना, दोन्ही बाजूंचा भंग सहसा सांधत नाही. तरीही स्नायू बळकट केल्यास बहुतेक खेळाडू वेदनारहित होऊन मैदानावर परततात. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते.

या काळात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पोट, कंबर व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम टप्प्याटप्प्याने सुरू होतात. येथे योगासनांविषयी एक सूचना आवश्यक आहे. कंबरदुखीवर भुजंगासन, धनुरासन किंवा चक्रासन करण्याचा सल्ला सहज दिला जातो. मागे वाकल्याने ज्यांची वेदना वाढते, त्यांच्या बाबतीत ही आसने दुखऱ्या हाडावरच भार टाकतात. भुजंगासनासारखी स्थिती सूर्यनमस्कारातही येते. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ती वगळावीत आणि शाळेच्या कवायतीतही त्यांतून सूट मिळावी.

मैदानावर परतताना

दुखणे थांबले म्हणजे हाड पूर्ववत झाले, असे नव्हे. परतीचा मार्ग पायऱ्यांचा असावा. दैनंदिन हालचाली, कंबर मागे वाकवणे आणि धावणे हे सर्व वेदनेविना जमू लागल्यावरच चेंडू हातात घ्यावा. प्रथम केवळ मनगटाच्या झटक्याने जवळच्या अंतरावर टाकणे, मग अर्धे चक्र, त्यानंतर निम्म्या अंतरावरून निम्म्या जोराने पूर्ण चक्र आणि नंतर पूर्ण अंतर, असा क्रम ठेवता येतो. पूर्ण जोर सर्वांत शेवटी यावा. आरंभी वीस-पंचवीस चेंडू पुरेत आणि दोन सत्रांमध्ये एक दिवस मोकळा असावा. एखाद्या पायरीवर दुखणे परतले, तर एक पायरी मागे यावे आणि ते टिकून राहिल्यास डॉक्टरांना कळवावे. अखेरचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असावा. स्पर्धेच्या तारखेवरून तो ठरू नये.

प्रतिबंध : चेंडू मोजण्यापासून आरंभ

प्रतिबंधाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक वही. अमेरिकेतील ‘स्टॉप स्पोर्ट्स इंज्युरीज’ या मोहिमेने युवा सॉफ्टबॉल पिचरसाठी वयानुसार चेंडूंच्या मर्यादा सुचवल्या आहेत. त्या अशा :

१० ते १२ वर्षे : एका सामन्यात ६५ चेंडू. सलग खेळातील पहिल्या दोन दिवसांत दिवसाला ९५ चेंडू. तिसऱ्या दिवशी पिचिंग नाही.

१३ ते १४ वर्षे : एका सामन्यात ८० चेंडू. पहिल्या दोन दिवसांत दिवसाला ११५. तिसऱ्या दिवशी ८०.

१५ वर्षे व त्यापुढे : एका सामन्यात १०० चेंडू. पहिल्या दोन दिवसांत दिवसाला १४०. तिसऱ्या दिवशी १००.

या मर्यादा म्हणजे कमाल आकडे होत, गाठण्याचे लक्ष्य नव्हे. उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलीसाठी त्याही कमी कराव्यात. सामन्यापूर्वीच्या तयारीचे आणि सरावाचे चेंडू वहीत स्वतंत्र नोंदवावेत, कारण मणका सामना आणि सराव असा भेद करत नाही. त्याच दिवशी फलंदाजीचा दीर्घ सराव झाला असेल, तर तोही पिळवटण्याचाच भार होय. दीर्घ सुटीनंतर किंवा परीक्षेनंतर एकदम पूर्ण सराव सुरू करण्याऐवजी आठवड्यागणिक सुमारे दहा टक्क्यांनी वाढ करावी. वर्षातून दोन-तीन महिने पिचिंगपासून पूर्ण मोकळीक असावी. त्या काळात पोहणे, धावणे किंवा दुसरा खेळ खेळावा.

आपल्याकडील शालेय स्पर्धा मोजक्या दिवसांत उरकल्या जातात आणि जिंकणाऱ्या संघाला लागोपाठ सामने खेळावे लागतात. म्हणून प्रत्येक संघात किमान दोन, शक्य तर तीन पिचर तयार करणे हा मर्यादा पाळण्याचा व्यवहार्य उपाय आहे. जपाननेही पुढे हेच केले. टोकियो ऑलिंपिकच्या २०२१ मधील अंतिम सामन्यात ३९ वर्षांच्या उएनोने आरंभ केला, मधल्या टप्प्यात २० वर्षांच्या मिऊ गोतो हिने चेंडू हाती घेतला आणि अखेरच्या डावात उएनो परतली. अमेरिकेवर २-० असा विजय मिळाला. भार वाटून घेतल्याने संघ दुबळा होत नाही, हे त्या सामन्याने दाखवले.

तंत्र आणि मैदान

चुकीचे तंत्र तोच भार अधिक महाग करते. पुढचा पाय लक्ष्याच्या रेषेच्या फार आत किंवा फार बाहेर पडला, तर कमरेला अधिक पिळवटावे लागते. झेप ताकदीच्या मानाने फार लांब घेतली, तर धड मागे राहते आणि कंबर वाकते. चेंडू वर चढता टाकण्यासाठी, म्हणजे ‘राइज बॉल’साठी, धड मागे झुकवावे लागते. वाढीच्या वयात त्याची घाई करू नये. प्रथम सरळ वेगवान चेंडू आणि वेग कमी केलेला ‘चेंज-अप’ यांवर हुकमत मिळवावी. मोबाइलवर बाजूने आणि समोरून चित्रण करून पहिल्या आणि शेवटच्या दहा चेंडूंची तुलना केल्यास थकव्याने बदललेली शरीराची ठेवण लगेच लक्षात येते. कंबर अधिक वाकू लागली, वेग घटला किंवा चेंडू सतत वर जाऊ लागला, की पिचर बदलावी. मर्यादेचा आकडा गाठण्याची वाट पाहू नये.

पिचिंगच्या पट्टीपुढील जमिनीत पाय आदळून खड्डा पडतो. तो सरावापूर्वी बुजवून घ्यावा. सिमेंटच्या किंवा अतिशय कडक जमिनीवर पूर्ण जोराने पिचिंग करू नये. झिजलेले बूट बदलावेत.

व्यायाम, आहार आणि विसावा

कंबर वाचवायची तर नितंब आणि पाय सशक्त हवेत. सरावापूर्वी दहा मिनिटे हलके धावणे आणि सांधे मोकळे करणे आवश्यक आहे. आठवड्यातून तीन वेळा प्लँक, साइड प्लँक, पाठीवर झोपून नितंब उचलण्याचा ‘ब्रिज’, ओणवे होऊन विरुद्ध हात-पाय लांबवण्याचा ‘बर्ड डॉग’ आणि एका पायावरील बैठका हे व्यायाम करावेत. त्यांना महागडी व्यायामशाळा लागत नाही. पोटाचे व्यायाम म्हणून वेगाने उठाबशासारखे ‘सिट-अप’ शेकड्यांनी करण्याची गरज नाही, स्थिरता महत्त्वाची. सरावानंतर मांडीच्या मागच्या आणि जांघेच्या स्नायूंना सावकाश ताण द्यावा. दुसऱ्या हाताने हलके चेंडू टाकण्याचा सराव केल्यास एकांगी भाराची थोडी भरपाई होते.

हाडाला व्यायामाइतकेच अन्नही लागते. किशोरवयात दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची गरज असते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून त्यापैकी साधारण एक तृतीयांश भाग मिळतो. दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला आणि काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे हे आपल्या स्वयंपाकघरातीलच स्रोत आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता भारतात सर्रास आढळते; उन्हात खेळणाऱ्या मुलांतही ती असू शकते. वारंवार दुखापत होत असल्यास रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक मात्रा घ्यावी.

मुलींच्या बाबतीत मासिक पाळीकडे दुर्लक्ष होता कामा नये. खेळाच्या मानाने अन्न अपुरे पडले, की शरीर ऊर्जा वाचवण्यासाठी पाळी लांबवते किंवा थांबवते आणि हाडांची झीज सुरू होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे ‘रेड-एस’ या संज्ञेखाली लक्ष वेधले. सलग तीन महिने पाळी न येणे किंवा पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरू न होणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. ‘खेळणाऱ्या मुलींचे असेच असते’ म्हणून ती झटकून टाकू नयेत. पहाटेचा सराव, शाळा आणि रात्रीची शिकवणी यांत झोपेचाच बळी जातो. किशोरवयात आठ ते दहा तासांची झोप लागते. हाड भरून येण्याचे कामही याच विसाव्यात होते.

वेदना सांगण्याची मुभा

तरुण खेळाडू वेदना लपवतात, कारण सांगण्याची किंमत त्यांना ठाऊक असते. संघातील जागा जाईल, निवड चाचणी हुकेल, शिक्षक नाराज होतील, ही भीती असते. महाराष्ट्रात राज्य व राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे एका स्पर्धेचे मोल पालकांनाही मोठे वाटते. या दबावात तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून ‘मी थांबते’ असे म्हणावे, ही अपेक्षा रास्त नाही. तो निर्णय मोठ्यांनी घ्यायचा आहे. सत्रानंतर ‘किती जोरात टाकलेस?’ या प्रश्नाबरोबर ‘कुठे दुखले का?’ हा प्रश्नही नित्याचा झाला आणि त्याचे खरे उत्तर दिल्याबद्दल कुणाची जागा गेली नाही, तर निम्मे काम होते.

एका हंगामाची विश्रांती किशोरवयीन खेळाडूला फार मोठी वाटते. परंतु वेळीच ओळखलेला तडा काही महिन्यांत भरून येऊ शकतो, तर दुर्लक्षित तडा आयुष्यभर सोबत राहतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी कंबरदुखी डॉक्टरांना दाखवणे, प्रत्येक चेंडू वहीत नोंदवणे आणि संघात दुसरी पिचर घडवणे, या तीन गोष्टी कोणत्याही शाळेच्या आवाक्यातील आहेत आणि त्यांचा आरंभ पुढच्या सरावापासूनच करता येतो.